बारा नंबरचं ताट

३ मार्च, सोमवार

वाढून झालं, उचलून झालं, आता ताटं मोजायची पण!

चौथ्या मजल्यावर, कॅन्सरच्या वॉर्डात, नवीन आहारतज्ज्ञ आली आहे. तिशीच्या आतलीच असेल. मी मनातल्या मनात तिला आहारताई म्हणते. तिने आज प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद अडकवला. त्यावर ओळीने गोल – सकाळ, दुपार, संध्याकाळ. गोल म्हणजे ताट. पेशंटने जेवढं खाल्लं तेवढा गोल पेन्सिलीने काळा करायचा. पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव. काहीच नाही खाल्लं तर कोरा.

"मावशी, हे काम तुमचंच आहे," म्हणाली. "भरलेलं ताट परत जाताना तुमच्याशिवाय कोण बघतं?"

खरं आहे. सतरा वर्षं ही जेवणाची गाडी ढकलते आहे. भात जसाच्या तसा परत नेलाय, अंडं सोललेलंसुद्धा नाही असं परत नेलंय. कधी कुणी विचारलं नाही. कॅन्सरच्या माणसाचं खाणं सुटतं, त्यात काय सांगायचं, असंच सगळे धरून चालले. मीही. ताई म्हणते, अंगात ताकद नसली की औषध सोसत नाही. मग औषध थांबवावं लागतं. रोग काही थांबत नाही.

घरी येऊन नणंदेला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू आता मास्तरीण झालीस."

झाले खरी. पेन्सिलीला टोकसुद्धा काढून ठेवलंय.

४ मार्च, मंगळवार

बावीस खाटा. पूर्ण काळे गोल तीन. एवढं वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

बारा नंबरला काल नवीन बाई आल्या. बसवर कंडक्टर होत्या, एकतीस वर्षं. मागच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि लगेच हे निघालं – अंडाशयाचा. औषधाच्या दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी झाली की ऑपरेशन. मध्येच ताप भरला म्हणून दाखल केलंय. पोटात पाणी झालंय, त्यामुळे पोट पुढे आणि हातपाय काड्या.

आहारताईने नव्या पेशंटला विचारायचे ते प्रश्न विचारले. सहा महिन्यांत वजन उतरलं का? "छे, उलट सगळे कपडे घट्ट होतात." खाणं कमी झालंय का? "थोडंफार, वयाप्रमाणे." मग काट्यावर उभं केलं. चोपन्न किलो. ताईने कागदावर लिहिलं – धोका कमी.

दुपारी ताट नेलं. झाकण काढल्याबरोबर त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "दोन घास तरी."

"अहो बाई, गाडी फुल्ल आहे. उभं राहायलाही जागा नाही. पुढच्या गाडीने या."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. गोल कोराच राहिला.

८ मार्च, शनिवार

लिहू की नको असं करत बसले आहे. पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

कंडक्टरबाईंची मुलगी रोज संध्याकाळी कामावरून थेट येते. एकटीच आहे. येते ती आईकडे बघायच्या आधी कागदाकडे बघते. काल दोन कोरे गोल आणि एक पाव. ती खाटेशी उभी राहून म्हणत होती, "आई, तू मुद्दाम करतेस. तुला जगायचंच नाहीये. मी कुणासाठी धावते मग?" आणि मग पोरगी रडायला लागली. बावीस खाटांसमोर.

आज दुपारी ताट उचलायला गेले तर कंडक्टरबाईंनी माझं मनगट धरलं. "पाऊण करा."

"काय?"

"गोल. पाऊण काळा करा. तुमचं काय जातं? पोरीला झोप तरी लागेल."

मी म्हटलं, "असं नाही करता येत, ताई बघते."

तर म्हणाल्या, "घास तोंडात घेतला की खिळे चघळल्यासारखं वाटतं. बळंच गिळला तर बाहेर येतो. माझ्याच्याने होत नाही हो. आणि ती मोजत बसते. समोर बसून मोजते – एक, दोन, तीन."

ते मोजणं ऐकलं आणि माझा हात चालला. पाऊण काळा केला.

आमच्या ह्यांच्या आजारपणात मीही मोजायची. सहा वर्षं होतील आता. आठ घास खाल्लेत, अजून दोन, माझ्यासाठी. ते माझ्यासाठी खायचे. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडायचे, म्हणजे मला उलटीचा आवाज येऊ नये. मला तो यायचाच. तरी दुसऱ्या दिवशी मी परत एक, दोन, तीन.

९ मार्च, रविवार

पाऊण, पाऊण, अर्धा. मुलगी आज हसली. आईच्या केसांना तेल लावून दिलं – होते नव्हते त्या केसांना.

१२ मार्च, बुधवार

आहारताईने आज परत सगळ्यांची वजनं घेतली. कंडक्टरबाई – चोपन्न. कागदावरचे गोलही चांगले. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा मावशी, वजन टिकलंय, खाताहेत. बारा नंबरची काळजी नको. मी आता सतरा आणि एकोणीस नंबरकडे बघते."

मी "हो" म्हटलं. अगदी सहज निघालं तोंडातून.

ताट मी झाकूनच नेते हल्ली. झाकण लावून गाडीच्या खालच्या खणात, सगळ्यांच्या खाली. चोराला लपवायला कुणी शिकवावं लागत नाही.

आज त्यांनी दिवसभरात चार चमचे दही आणि अर्धा पेला चहा घेतला. कागदावर किती लिहिलंय ते मलाच माहीत.

१३ मार्च, गुरुवार

नणंदेला सांगून टाकलं. ती मशीनवर शिवत होती. पाय थांबवला नाही.

"दया केलीस की सोय बघितलीस?"

म्हटलं, "कसली सोय?"

"त्यांना आग्रह करायचा त्रास वाचला. रडणं बघायचा त्रास वाचला. सोयच की."

राग आला. जेवले नाही. मग कळलं की आपण काय करतोय, आणि उठून जेवले.

उद्या ताईला सांगायचं.

१४ मार्च, शुक्रवार

ताई आज रजेवर.

दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. इन्चार्ज सिस्टर होत्या, डॉक्टर होते. नाही सांगितलं.

१५ मार्च, शनिवार

कंडक्टरबाई पडल्या. सकाळी बाथरूमला उठल्या आणि दारातच कोसळल्या. मी गाडी घेऊन वळत होते, आवाज ऐकला. धावले. उचलताना खांद्याखाली हात घातला तर हाताला नुसती हाडं लागली. पोट तेवढं जड. दिवस भरलेल्या बाईचं असतं तसं, आणि बाकी अंगावर काही नाहीच.

कपाळाला तीन टाके. बीपी खूप खाली. अंगात ताप.

मोठे डॉक्टर कागद वाचत म्हणाले, "खाणं तर ठीक आहे. मग ही एवढी अशक्त कशामुळे?" सिस्टर म्हणाल्या, "रोग पसरला असेल सर."

मी तिथेच उभी होते. फरशी पुसत होते. पुसलेलीच परत पुसत होते.

१७ मार्च, सोमवार

आज पोटातलं पाणी काढलं. सात लिटरच्या वर निघालं. मग वजन केलं.

शेहेचाळीस.

आहारताई काट्याकडे बघतच राहिली. मग तिने टेप घेऊन कंडक्टरबाईंचा दंड मोजला. अंगठा आणि बोटात दंडाची कातडी धरून बघितली. खांदा, गळ्याजवळची हाडं, पोटऱ्या सगळ्यांना हात लावून बघितलं. पोटात पाणी वाढत होतं आणि तेवढंच मांस उतरत होतं. काटा जागचा हलला नाही. "पण मग खाल्लेलं जातं कुठे?" ती स्वतःशीच म्हणाली आणि कागद उलटसुलट करायला लागली.

मी तिला कपडे ठेवायच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. सांगितलं – शनिवारपासून शनिवारपर्यंतचे सगळे गोल खोटे आहेत. मी काळे केलेत.

ती चादरींच्या ढिगावर बसली. मग विचारलं, "अजून कुणाचे?"

"नाही. एकीचेच."

"नक्की?"

"नक्की."

"सात दिवस म्हणजे किती उशीर होतो माहीत आहे तुम्हाला, मावशी?"

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. तिसरी फेरी या आठवड्यात होती. आता देता येणार नाही. निदान तीन आठवडे. ऑपरेशनही पुढे.

उठताना म्हणाली, "मीही काटा बघितला, बाईंकडे बघितलं नाही. पहिल्याच दिवशी दंडाला हात लावायला हवा होता. पण माझी चूक वेगळी आणि तुमची वेगळी."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, मंगळवार

इन्चार्ज सिस्टरनी बोलावलं. मला चौथ्या मजल्यावरून काढून तळघरात भांडी घासायला पाठवणार होत्या. मी मान खाली घालून "बरं" म्हटलं. भांडी खोटं बोलत नाहीत, आणि बोलायलाही लावत नाहीत.

पण ही बातमी बारा नंबरपर्यंत पोचली. सिस्टर राउंडला आल्या तेव्हा कंडक्टरबाई – कपाळाला पट्टी, हाताला सलाईन – उशीला टेकून म्हणाल्या, "विनातिकीट मी होते. दंड तिला कसा लावता?"

सिस्टर म्हणाल्या, "तिनेच तिकीट फाडून दिलं ना, खोटं."

"मी मागितलं म्हणून. एकतीस वर्षं असले प्रवासी बघितलेत मी. कंडक्टरला बोलण्यात घोळवतात." मग हळू आवाजात, "आता ती खरं लिहील. नवीन कुणी आली तर तिला मी परत घोळवीन."

सिस्टरनी आहारताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "मावशींना राहू दे."

राहिले.

१९ मार्च, बुधवार

मुलीला डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ती माझ्याजवळून गेली. बघितलं नाही. गाडीच्या कडेला तिची पर्स अडकली, ती सोडवली आणि गेली.

तिचा काय दोष. मीही बघितलं नसतं.

२० मार्च, गुरुवार

नाकातून नळी घातली. कंडक्टरबाई आधी नाही म्हणत होत्या. "आजारी बाईचं सोंग आतापर्यंत नव्हतं, आता सजवाच." ताई खाटेवर त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तोंडाने खायची तुमच्यावर सक्ती नको म्हणून ही नळी. पोट आपलं काम करेल, तोंडाला सुट्टी." ते त्यांना पटलं. सुट्टी शब्दाला तयार झाल्या.

मला वाटलं, आता पोटभर देतील. पहिल्या दिवशी बघते तर अगदी थोडं, थेंबथेंब. मी ताईला म्हटलं, "एवढ्याने काय होणार?" तिने सांगितलं – बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात. माणूस अन्नानेच जाऊ शकतो. म्हणून आधी रक्त तपासायचं, क्षार आणि जीवनसत्त्व द्यायचं, मग थोडं, मग थोडं जास्त. रोज रक्त बघायचं.

सतरा वर्षं मी बाहेरून आलेल्या उपाशी माणसाला वाटी भरभरून वाढत आले.

२४ मार्च, सोमवार

एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती ताईला सांगितली. भीत भीतच. माझ्या शब्दाला आता किंमत काय!

मी खाटेशी जाऊन झाकण उघडते, तेव्हा गरम वाफेचा वास एकदम नाकात जातो. कंडक्टरबाई तेव्हाच तोंड फिरवतात, चव घ्यायच्या आधीच. सात नंबरवाले काकाही तसंच करतात. चौदा नंबरचा माणूस तर गाडीचं चाक वाजलं की डोळे मिटून घेतो. मग झाकणं बाहेर व्हरांड्यात उघडली तर? वाफ निघून गेल्यावर ताट आत आणलं तर? आणि गारच दिलं तर – दही, फळ, गार दूध, उकडून गार केलेला बटाटा?

ताईने वही काढून लिहून घेतलं. मी सांगितलेलं. तिने अजून एक जोडलं – स्टीलचा चमचा नको, लाकडी द्या. खिळे चघळल्यासारखं लागतं म्हणाल्या होत्या ना.

म्हटलं, "हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं."

ताई म्हणाली, "म्हणूनच सांगत जा, मावशी. मला सांगत जा."

२५ मार्च, मंगळवार

कोरा, कोरा, पाव. खरे.

२९ मार्च, शनिवार

कंडक्टरबाईंनी आज गार बटाट्याच्या सहा फोडी खाल्ल्या. मीठ लावून. लाकडी चमच्याने. वर अर्धी वाटी दही. नळी आहेच.

मला बोलावून म्हणाल्या, "लिहा. अर्धा."

मी ताट बघितलं. म्हटलं, "अर्धा नाही. पावाच्या थोडं वर आहे."

"काय हो, एवढं काटेकोर? सहा फोडी मोजून खाल्ल्यात!"

"पाव आणि एक ठिपका," म्हटलं. आणि तसंच काढलं. त्या एवढ्या हसल्या की नाकातल्या नळीला हात धरावा लागला.

संध्याकाळी मुलगी आली. कागदाकडे गेली नाही. आधी आईजवळ बसली. ताईने तिच्याशी बोलून ठेवलं होतं वाटतं – मोजायचं काम आमचं, तुम्ही फक्त मुलगी व्हा. ती आईला ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होती. माझ्याशी अजून बोलत नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळ-संध्याकाळ चालायला लावतात. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नुसतं खाऊन मांस चढत नाही, चालावंही लागतं. कंडक्टरबाई नळीची बाटली स्टँडला अडकवून चालतात आणि प्रत्येक दाराशी म्हणतात, "चला, पुढे सरका."

सात नंबरचे काका परवा गेले. ताईने त्यांचा कागद काढला तेव्हा बघितलं – शेवटच्या चार दिवसांत सगळे गोल कोरे. त्या दिवसांत त्यांच्या बायकोला ताई सांगत होती, आता भरवू नका, ओठ ओले करा, हात धरा. ते खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, जाताहेत म्हणून खात नाहीयेत. त्या बाई कितीतरी वेळ हातात वाटी धरून बसल्या होत्या. मग वाटी मी घेतली.

हे मला सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

७ एप्रिल, सोमवार

तिसरी फेरी आज दिली. पोटातलं पाणी परत फारसं साठलं नाही. वजन अठ्ठेचाळीस, आणि दंडही पाऊण सेंटिमीटरने वाढलाय – ताई आता आधी दंड मोजते, मग काटा बघते. मोठे डॉक्टर राउंडला स्वतः कागद मागून घेतात. परवा त्यांनी मला विचारलं, "मावशी, एकोणीस नंबर काय म्हणतोय?" सतरा वर्षांत पहिल्यांदा.

१६ एप्रिल, बुधवार

नळी काढली. नाकाच्या कडेला चट्टा पडलाय. कंडक्टरबाई आरशात बघून म्हणाल्या, "सासूबाईंनी नथ दिली नव्हती, दवाखान्याने हौस भागवली."

उद्या घरी सोडणार. ऑपरेशनला परत येतील.

५ मे, सोमवार

ऑपरेशन झालं. सहा तास. मी दुपारचं वाटप संपवून जिन्यात बसून होते. मुलगी वर, मी खाली. दोघींमध्ये अकरा पायऱ्या.

मोठे डॉक्टर बाहेर आले. बहुतेक सगळं काढलं, म्हणाले. आतड्याला चिकटलेला एक छोटा भाग राहिला, तो काढणं धोक्याचं होतं. त्यासाठी औषध पुढे चालू राहील.

ते हात धुऊन निघाले तेव्हा मी अडवलं. धीर कुठून आला माहीत नाही. म्हटलं, "सर, तीन आठवडे आधी झालं असतं, तर तो भाग निघाला असता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. "सांगता येणार नाही," म्हणाले. "कदाचित हो. कदाचित असाच राहिला असता. तेव्हाच्या अवस्थेत केलं असतं तर त्या टेबलावरून उठल्या नसत्या, एवढं मात्र नक्की सांगतो."

म्हणजे मला हे कधीच कळणार नाही. बरं वाटावं असं काही म्हणाले नाहीत, हेही बरंच केलं.

नणंदेला सांगितलं. तिने या वेळी मशीन थांबवलं. माझ्या पानात वाढलं आणि समोर बसून राहिली. मोजलं नाही.

७ मे, बुधवार

दोन घोट पाणी, तीन घोट गार सूप. खरे पाच घोट.

९ मे, शुक्रवार

मुलगी आज गाडी धुवायच्या जागी आली. मी बाकावर बसून हात पुसत होते. दीड महिना बोलली नव्हती.

म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं. मार्चमध्येच. कागदावर पाऊण गोल दिसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईच्या उशीखाली रुमालात बांधलेला भात सापडला होता. मी तो नेऊन टाकला आणि रोज येऊन तुमचा कागद वाचत राहिले. तोच खरा मानायचा होता मला."

मी बाकावर सरकून जागा केली. ती बसली.